वेर्ण्याहून निघालेली चिप

२००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यात मास्क मिळेनासे झाले होते. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी याच शहरात घेतला. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. रांगेतल्या प्रत्येकाला एवढेच जाणून घ्यायचे होते, की अंगातला ताप नेहमीचा आहे की या नव्या विषाणूचा? याचे खात्रीशीर उत्तर देऊ शकणाऱ्या प्रयोगशाळा तेव्हा देशभरात मोजक्याच होत्या. त्यांतली सर्वांत जुनीजाणती, राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, पुण्यातच होती. तरीही पुणेकरांना अहवालासाठी ताटकळावे लागले. मग राज्याच्या दुसऱ्या टोकाला तापाने फणफणलेल्या माणसाची काय गत झाली असेल! त्याच्या घशातला स्वॅब बर्फाच्या खोक्यात बसून शेकडो किलोमीटर यायचा, आपल्या पाळीची वाट बघायचा. तोवर रोगी बरा झालेला असे, किंवा गेलेला असे.

नमुन्याचा हा प्रवास आपल्या आरोग्यव्यवस्थेने इतका गृहीत धरला होता की त्याची किंमत फारशी कुणी मांडली नाही. ती सर्वांत क्रूरपणे दिसली सिलिगुडीत. २००१च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे एका अनोळखी तापाने ६६ जणांना गाठले आणि त्यांतले ४५ दगावले. बहुतेकांना लागण झाली ती रुग्णालयात. रोग्यांची सेवा करणारे कर्मचारी आणि भेटीला आलेले नातलग त्यात होते. हा निपाह विषाणू होता, हे साठवलेल्या नमुन्यांच्या नंतरच्या अभ्यासातून उलगडले आणि २००६ साली शोधनिबंधात प्रसिद्ध झाले. ज्यांना ते वेळेत कळायला हवे होते, त्यांच्यापर्यंत ते पोचलेच नाही.

नमुने दूरच का पाठवावे लागत? विषाणू ओळखण्याची सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे पीसीआर. कॅरी मुलिस यांनी १९८३ साली अमेरिकेत ती सुचवली आणि दहा वर्षांनी त्यांना नोबेल मिळाले. नमुन्यातला विषाणूचा जनुकीय तुकडा तापवायचा, थोडा निववायचा, की त्याच्या एकाच्या दोन प्रती होतात. पुन्हा तापवले की चार, मग आठ. चाळीस फेऱ्यांत अत्यल्प तुकड्यांच्याही मोजता येण्याजोग्या असंख्य प्रती तयार होतात. तत्त्व सोपे, पण सरंजाम मोठा. रसायने उणे वीस अंशांना गोठवून ठेवावी लागतात. एका नमुन्यातला कण दुसऱ्यात गेला तर निरोगी माणूस बाधित ठरतो, म्हणून रसायने मिसळण्याची, नमुना हाताळण्याची आणि यंत्राची खोली वेगळी लागते. वातानुकूलन, अखंड वीज, सुरक्षा कपाटे आणि वर्षानुवर्षे हात बसलेले तंत्रज्ञ, हे सगळे तालुक्याच्या गावी कुठून आणायचे?

ही अख्खी प्रयोगशाळाच लहान करता येईल, ही कल्पना तोवर जुनी झाली होती. १९७९ साली स्टॅनफर्डमध्ये सिलिकॉनच्या एका चकतीवर वायूंचे पृथक्करण करणारे उपकरण कोरले गेले. १९९० साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे सीबा-गायगी कंपनीत काम करणाऱ्या आंद्रेआस मान्झ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुना घेण्यापासून उत्तर देण्यापर्यंतची सारी कामे एका छोट्या तुकड्यावर उरकण्याचा आराखडा मांडला. ‘लॅब-ऑन-अ-चिप’ या शाखेचा जन्म सहसा तिथूनच धरतात. पीसीआरला तर लहानपण विशेष मानवते. द्रव थेंबभर असेल तर तो झटकन तापतो, झटकन निवतो. वेळ वाचतो आणि वीजही इतकी कमी लागते की बॅटरीवर भागते. १९९३च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ॲलन नॉर्थरप यांनी सिलिकॉनच्या चिमुकल्या कुपीत पीसीआर करून दाखवला. त्याच प्रयत्नांतून १९९६ साली सेफिड ही कंपनी उभी राहिली.

पुढची गोष्ट रोग्यांमुळे नव्हे, भीतीमुळे वेगाने घडली. २००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची पावडर पाठवली गेली, माणसे मेली आणि टपाल छाननी केंद्रांत जंतू हुडकणारी यंत्रे बसवण्याचे ठरले. त्या कामात सेफिडच्या बंद काडतुसांचा उपयोग झाला आणि त्या तंत्राला मोठे गिऱ्हाईक मिळाले. क्षयासाठी त्याच तंत्राने केलेल्या जीनएक्स्पर्ट चाचणीची जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१०मध्ये शिफारस केली. आपल्या क्षयरोग कार्यक्रमातले लोक तिला ‘सीबीनॅट’ म्हणतात. नमुना काडतुसात घातला की पुढचे सारे यंत्र करते, असे हे उत्तम साधन. पण त्याला खोलीचे तापमान ३० अंशांखाली हवे, वीज स्थिर हवी आणि प्रत्येक काडतूस परदेशातून यायला हवे. विदर्भात मे महिन्यात हे कसे जमावे? जिल्हा रुग्णालयापर्यंत ते पोचले आणि बहुतेक ठिकाणी तिथेच थांबले.

त्याआधीच बेंगळुरूत वेगळा प्रयत्न सुरू झाला होता. २००० साली तिथे बिगटेक नावाची छोटी संस्था स्थापन झाली. चंद्रशेखर नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हातात मावेल, बॅटरीवर चालेल असे पीसीआर यंत्र करायचे होते. अशा उद्योगात खासगी पैसा घालायला त्या काळी कोण तयार होणार? वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या ‘नव सहस्राब्दी’ तंत्रज्ञान योजनेने त्यांना आधार दिला. सरकारी योजनांवर आपण सहज टीका करतो, म्हणून हे ठळकपणे सांगायला हवे: पुढे लाखो लोकांच्या कामी आलेले हे यंत्र बाजारात एक रुपयाही मिळवत नव्हते, तेव्हा सार्वजनिक पैशाने त्याला जगवले.

चिप करणे त्यातल्या त्यात सोपे निघाले. अवघड होते ते चिपच्या आधीचे काम. थुंकी चिकट असते, रक्तात पीसीआर बिघडवणारे पदार्थ असतात, स्वॅबमध्ये माणसाच्याच पेशींचा गाळ असतो. त्यातून विषाणूचा आरएनए स्वच्छ वेगळा काढण्यासाठी तज्ज्ञाचा हात लागे. चिपचे जगभरातले कितीतरी प्रकल्प इथेच अडले. शोधनिबंधात झळकायचे, पण दवाखान्यापर्यंत यायचे नाहीत, कारण शुद्ध केलेला नमुना आयता मिळेल असे त्यांनी धरलेले असे. बेंगळुरूच्या चमूने या कामासाठी स्वतंत्र यंत्रच बनवले. त्यात एक काडतूस बसवायचे, नमुना ओतायचा आणि बटण दाबायचे. दुसरी अडचण रसायनांची. ती सुकवून, गोठणशुष्क करून नळीत भरली, म्हणजे फ्रीझरवाचून ती टिकतात. मग निष्कर्षित द्रवातले मोजून सहा मायक्रोलिटर त्या नळीतल्या गोळीत मिसळायचे आणि चिपवरच्या खाचेत सोडायचे. यंत्र चिप आत ओढून घेते आणि नमुना घेतल्यापासून साधारण तासाभरात पडद्यावर उत्तर येते. चिपमध्येच तिची ओळख साठवलेली असते, त्यामुळे कोणत्या रोगाची चाचणी करायची हे यंत्राला वेगळे सांगावे लागत नाही. क्षयाची चिप घातली तर क्षय, कावीळ-बीची घातली तर कावीळ.

या यंत्राची स्वस्ताई कशात आहे, हे इथे नीट समजून घ्यायला हवे. एका चिपची किंमत पाहून तिचा हिशेब लागत नाही. तीन खोल्यांची प्रयोगशाळा बांधावी लागत नाही, शीतसाखळी लागत नाही, बर्फाचे खोके घेऊन गाडी पाठवावी लागत नाही, आणि रोग्याला अहवालासाठी दुसऱ्यांदा मजुरी बुडवून यावे लागत नाही, हे सगळे त्या चाचणीच्या किमतीतून वजा होते.

उत्पादनासाठी जोडीदार मिळाला तो गोव्यात. रक्तगट आणि इतर तपासण्यांची रसायने बनवणाऱ्या तिथल्या ट्यूलिप समूहाशी हातमिळवणी होऊन मोलबायो डायग्नॉस्टिक्स ही कंपनी झाली. तिची धुरा श्रीराम नटराजन यांनी सांभाळली आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत चिपा बनू लागल्या. यंत्राचे नाव ठेवले ‘ट्रूनॅट’. पण देशी यंत्रावर देशातल्याच डॉक्टरांनी विश्वास ठेवायला वेळ लागतो. पहिला भक्कम पुरावा आला मुंबईतून. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातली क्षयरोग प्रयोगशाळा औषधांना न जुमानणारा क्षय हुडकण्यासाठी जगभर ओळखली जाते. तिथे दोनशेहून अधिक संशयित रुग्णांच्या थुंकीवर ही चाचणी पारखली गेली आणि निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, ती सूक्ष्मदर्शकावर काम चालवणाऱ्या साध्या केंद्रांतही करून पाहिली. पुढे भारतासह इथिओपिया, पेरू आणि पापुआ न्यू गिनी या देशांत परीक्षा झाली. जानेवारी २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयासाठी ट्रूनॅट मान्य केल्याचे कळवले. बेंगळुरूतल्या सुरुवातीपासून त्याला वीस वर्षे झाली होती.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला केरळमध्ये करोनाचा देशातला पहिला रुग्ण आढळला.

सुरुवातीला सारे काही २००९सारखेच घडले. देशभरचे नमुने पुण्याला येऊ लागले. गोव्याचे नमुनेही मार्चअखेरपर्यंत पुण्यालाच जात होते. नौदलाच्या डॉर्निअर विमानाने गोवा मेडिकल कॉलेजचा चमू प्रशिक्षणासाठी एनआयव्हीत नेला गेला, तेव्हा कुठे बांबोळीत त्या कॉलेजची प्रयोगशाळा सुरू होऊ शकली. ज्या धावपट्टीवरून हे विमान उडाले, तिच्यापासून थोड्याच किलोमीटरवर वेर्ण्याचा तो कारखाना आहे. विषाणू नवा असला तरी यंत्राला अडचण नव्हती. यंत्र तेच, फक्त चिपवरच्या चाचणीतली जनुकीय ओळख बदलायची. क्षयासाठी घेतलेली यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आधीच बसलेली होती, ती चालवणारे हात तयार होते.

१० एप्रिल २०२० रोजी आयसीएमआरने ट्रूनॅटला करोनाच्या प्राथमिक चाळणीसाठी परवानगी दिली. तेव्हा ती अर्धवटच होती. चाचणी सार्सच्या कुळातल्या विषाणूंना समान असलेले ई जनुक शोधायची. उत्तर ‘नाही’ आले तर ते खरे मानायचे, ‘आहे’ आले तर नमुना पुन्हा मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा. म्हणजे नमुन्याचा प्रवास निम्म्यावरच थांबला. मे महिन्यात दुसरी चिप आली. ती नव्या विषाणूचे स्वतःचे आरडीआरपी जनुक ओळखायची. १९ मेच्या सुधारित सूचनेनुसार दुसऱ्या चिपवर आलेले ‘आहे’ हे अंतिम मानले गेले. आता तालुक्याच्या रुग्णालयातला तंत्रज्ञ दुसऱ्या कुणाला न विचारता निदान देऊ शकत होता.

या सगळ्यात एक बारकावा मला सर्वांत मोलाचा वाटतो. घशातला स्वॅब साध्या माध्यमात न बुडवता विषाणू फोडून निकामी करणाऱ्या द्रावणात बुडवायची सोय होती. नळीचे झाकण लावले की पुढे हाताळणाऱ्याला असलेला संसर्गाचा धोका पुष्कळ घटत असे. पीपीई किटसाठी देशभर ओरड चालू होती त्या दिवसांत हे द्रावण म्हणजे तंत्रज्ञांना मिळालेले संरक्षणच होते.

२३ जूनच्या सुमारास देशातल्या करोना प्रयोगशाळांची संख्या १,०००वर पोचली. त्यांत नेहमीच्या आरटी-पीसीआरच्या ५५७, सीबीनॅटच्या ८० आणि ट्रूनॅटच्या ३६३ होत्या. या ३६३पैकी ३४३ सरकारी होत्या. सहा महिन्यांपूर्वी जिथे देशाची मदार एका पुण्यावर होती, तिथे आता तीनात एकाहून अधिक प्रयोगशाळा या टेबलावर मावणाऱ्या यंत्रांच्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक खासगी रुग्णालय न परवडणाऱ्यांसाठी होत्या. आंध्र प्रदेशाने सुरुवातीपासूनच त्यांच्यावर भर दिला. गोव्यात मे महिन्यात रेल्वे पुन्हा सुरू झाल्यावर मडगावला उतरणाऱ्या प्रवाशांच्या तपासणीत ही यंत्रे वापरली गेली. प्रसूतीसाठी आलेली बाई, अपघातात जखमी झालेला माणूस, शवागारातला मृतदेह, अशा वेळी दोन दिवस थांबणे शक्यच नसते; तिथे तासाभरात येणाऱ्या या उत्तराची किंमत डॉक्टरांनाच नाही, दाराशी उभ्या असलेल्या नातलगांनाही कळली.

पण याच यशाची किंमत दुसऱ्या रोग्यांनी मोजली, हे लपवू नये. जी यंत्रे करोनाकडे वळली, ती क्षयाची होती. जे तंत्रज्ञ स्वॅब तपासत होते, ते एरवी थुंकी तपासत. २०१९ साली देशात क्षयाचे २४ लाख ४ हजार रुग्ण नोंदले गेले होते. २०२० साली ही नोंद १८ लाख ५ हजारांवर घसरली. टाळेबंदी, भीती आणि बंद पडलेली वाहतूक ही त्याची मोठी कारणे होतीच. तरी यंत्र दोन रोगांत वाटले गेले, हेही खरे. क्षय कमी झाला नव्हता, तो घरात खोकत बसला होता. एका यंत्रावर अनेक रोगांच्या चिपा चालतात, याचे कौतुक करताना ते यंत्र एका वेळी एकाच रोग्याचे असते, हे नियोजन करणाऱ्यांनी विसरता कामा नये.

शिवाय दक्षिण कोरियातल्या एसडी बायोसेन्सरच्या रॅपिड अँटिजेन चाचणीला जून २०२०च्या मध्यात मान्यता मिळाली. तिला यंत्रच लागत नव्हते आणि पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर रेघ उमटत असे. ती बरेच बाधित नजरेआड करायची, पण वेग आणि सोय या दोन्हींत चिप तिच्यापुढे मागे पडली. हजारोंच्या गर्दीत चिपचा निभाव लागत नाही. एका खाचेत एक नमुना, असा तिचा संथ कारभार. तिची खरी जागा आहे ती जिथे रोगी थोडे, अंतर मोठे आणि चुकीला माफी नाही अशा ठिकाणी. आणखीही उणिवा आहेत. सहा मायक्रोलिटर अचूक मोजणारा हात अजूनही लागतो. थेंब कमी पडला किंवा हवेचा बुडबुडा राहिला तर चिप वाया जाते. चिप एकाच कंपनीची चालते, त्यामुळे पुरवठा थांबला की यंत्र नुसते धूळ खाते.

अंतर मोठे आणि रोगी थोडे, याचे जवळचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. माकडताप हा मूळचा कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलातला, १९५७ साली ओळखला गेलेला विषाणूजन्य ताप. गोचिडांमार्फत पसरणारा हा रोग २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६च्या सुरुवातीला सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात दिसला. काजूच्या हंगामात बागांत राबणाऱ्यांना त्याची लागण होते. नमुने पुण्याला किंवा मणिपालला पाठवायचे आणि अहवालाची वाट बघायची, असा तिथला शिरस्ता होता. एनआयव्हीने माकडतापासाठी बॅटरीवर चालणाऱ्या ट्रूनॅट चाचणीची परीक्षा घेऊन तिचे निष्कर्ष २०२१च्या सुमारास मांडले. ज्या रोगाचे रुग्ण काही शेकड्यांत असतात, त्यासाठी बाजार आपणहून चाचणी बनवत नाही. इथे सरकारी संस्था पुढे आली म्हणून ती झाली. काजूच्या बागांमध्ये वावरणाऱ्या आरोग्यसेविकेपर्यंत ती नियमितपणे पोचणे, हे काम राज्य सरकारांचे.

क्षयाची चिप एव्हाना देशाबाहेर गेली होती. नायजेरिया, केनिया, बांगलादेश, फिलिपिन्स अशा देशांच्या क्षयरोग कार्यक्रमांत ट्रूनॅट पोचले. जिथे विजेचा आणि उन्हाळ्याचा प्रश्न आपल्यासारखाच आहे, तिथे ते रुजले, यात नवल नाही.

निपाहने मात्र ट्रूनॅटची खरी परीक्षा घेतली. हा विषाणू इतका घातक की त्यावरचे काम पुण्यात पाषाणला असलेल्या एनआयव्हीच्या बीएसएल-४, म्हणजे सर्वोच्च जैवसुरक्षेच्या, प्रयोगशाळेतच करायचे, असा दंडक; ती २०१२ साली सुरू झाली. २०१८ साली केरळमधल्या कोळीकोडमध्ये उद्रेक झाला तेव्हा पहिला रोगी निदानाविनाच गेला आणि दुसऱ्याच्या नमुन्यावरून मणिपाल आणि पुण्याने विषाणू ओळखला. सिलिगुडीच्या मानाने हे फार चांगले होते, पण मधल्या दिवसांत लागण पसरून गेली होती. त्यानंतर एनआयव्हीने निपाहची ट्रूनॅट चिप पारखली. नमुना घेताक्षणी विषाणू निकामी होत असल्याने ती साध्या सुरक्षेतही वापरता येण्याजोगी होती. सप्टेंबर २०२१मध्ये कोळीकोडला बारा वर्षांचा एक मुलगा निपाहने दगावला, तेव्हा पुण्याच्या शास्त्रज्ञांनी यंत्रे घेऊन तिथल्या मेडिकल कॉलेजमध्येच तपासणी केंद्र उभारले. संपर्कातला एकही माणूस बाधित निघाला नाही आणि तसे तिथल्या तिथे सांगता आले.

सप्टेंबर २०२३मध्ये निपाह पुन्हा कोळीकोडला आला. या खेपेला सहा जणांना लागण झाली, दोघे दगावले आणि हजारावर माणसे संपर्काच्या यादीत होती. त्याच महिन्यात आयसीएमआरने केरळला बीएसएल-२ दर्जाच्या प्रयोगशाळांत ट्रूनॅटने निपाह तपासण्याची मुभा दिली. ‘आहे’ असे उत्तर आले तरच नमुना खात्रीसाठी पुढे पाठवायचा, असा नियम ठरला. ‘नाही’ असे आलेल्यांना त्याच रुग्णालयात, त्याच दिवशी तसे सांगण्याचा अधिकार स्थानिक डॉक्टरांकडे आला.